काळ-काम-वेगाचे नवे गणित

दहा गवंडी एक भिंत सहा दिवसांत बांधतात. तर तीच भिंत पंधरा गवंडी किती दिवसांत बांधतील? काळ, काम व वेग यांची ही उदाहरणे आमच्या वाचकांपैकी आजोबांनी सोडविली, वडिलांनी सोडविली, आणि आज शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसणारी त्यांची नातवंडेही सोडवीत आहेत. उत्तर चार दिवस. त्याविषयी वाद असण्याचे कारण नाही. मात्र अंकगणिताच्या पुस्तकातील हे गवंडी मोठे विलक्षण लोक होत. ते कधी आजारी पडत नाहीत. चवथीला ते गावी जात नाहीत. मृगाचा पाऊस त्यांच्या ओल्या भिंतीवर कोसळत नाही. चिऱ्यांची गाडी त्यांच्या दाराशी ठरल्या वेळी उभी राहते, रेतीचा तुटवडा त्यांना ठाऊक नाही, आणि भिंत कमरेइतकी चढल्यावर घरधनी येऊन 'येथे एक खिडकी हवी होती बुवा' असे त्यांना कधीही सांगत नाही.

पुस्तकाबाहेरचे गवंडी आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. आमच्या कोंकणीत 'फाल्यां' म्हणजे उद्या. 'फाल्यां जातलें' असे मेस्ताने सांगितले की ऐकणारा त्याचा अर्थ 'या आठवड्यात तरी नव्हे' असा घेतो, आणि त्यात कोणी कोणास फसविले असे दोघांपैकी एकालाही वाटत नाही. घरच्या न्हाणीघराच्या बाबतीत हे चालून जाते. पूल, इस्पितळ, धरण किंवा शाळा यांच्या बाबतीत मात्र 'फाल्यां'ची किंमत फार मोठी असते, आणि ती देणारा मनुष्य बहुधा करारावर सही करणाऱ्यांपैकी नसतो. केंद्र सरकारचे सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय दीडशे कोटी रुपये व त्यांहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांचा हिशेब ठेवते. मार्च २०२४ च्या हिशेबात असे १,८७३ प्रकल्प होते, आणि त्यांपैकी ७७९ ठरलेल्या मुदतीच्या मागे पडलेले होते. म्हणजे दर पाचांत दोन. हे मोठमोठे अभियंते, मोठमोठे ठेकेदार आणि मोठमोठ्या यंत्रसामग्रीचे काम. गावच्या समाजमंदिराची वा साकवाची कथा याहून निराळी असावयाची नाही.

तेव्हा, काम केव्हा पुरे होईल हे काम सुरू होण्यापूर्वीच सांगता येईल काय, हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. अलीकडे या प्रश्नावर संगणकाच्या साहाय्याने एक नवा उपाय योजण्यात येत आहे. त्यास 'न्यूरल नेटवर्क' म्हणतात. आपण त्यास चेताजाल म्हणू. या उपायाचे आम्ही स्वागतच करतो. पण ज्या अटींवर करतो त्या सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम चेताजाल म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या मेंदूतील चेतापेशी एकमेकींना संदेश देतात, त्या रचनेवरून ही कल्पना सुचली. १९४३ साली मॅकलक व पिट्स या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशा कृत्रिम पेशीचे गणित मांडले. १९५८ साली रोझेनब्लॅट यांनी चुकांवरून शिकणारी रचना पुढे आणली. १९८६ साली रूमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांनी अनेक थरांच्या जाळ्यास शिकविण्याची रीत सुस्पष्ट करून दाखविली. याच हिंटन यांना हॉपफील्ड यांच्यासह २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी वाचलेच असेल.

आता ही शिकविण्याची रीत. नुकतीच स्वयंपाकाला लागलेली मुलगी हुमण करते. पहिल्या दिवशी ते खारट होते; दुसऱ्या दिवशी ती मीठ कमी टाकते. तिसऱ्या दिवशी आंबट होते. ती दोन सोलां कमी घालते. महिन्याभरात हात बसतो. चेताजाल हेच करते. फरक इतकाच की त्याच्यापुढे मीठ, सोलां व तिखट एवढीच तीन प्रमाणे नसून शेकडो असतात, आणि चव बिघडली तर दोष कोणत्या चिमटीचा किती, हे त्याला गणिताने काढता येते. बांधकामाच्या बाबतीत त्याला पूर्वी झालेल्या कामांची माहिती देतात. करार किती रुपयांचा होता, इमारत किती मजली, जमीन खडकाळ की दलदलीची, काम कोणत्या महिन्यात सुरू झाले, नकाशे आधी पुरे झाले होते की काम चालू असताना काढले गेले, जागा ताब्यात होती की नव्हती, ठेकेदाराच्या हाती त्या वेळी आणखी किती कामे होती, अशा गोष्टी. प्रत्येक गोष्टीला ते आरंभी वाटेल तसे वजन देते आणि उत्तर काढते. उत्तर म्हणजे एक गुणोत्तर : प्रत्यक्ष लागलेला काळ भागिले करारातील काळ. बारा महिन्यांचे काम अठरा महिन्यांत झाले, तर हे गुणोत्तर दीड. चेताजालाने सव्वा सांगितले असेल, तर चूक पावाची झाली. त्या चुकीप्रमाणे ते आपली सारी वजने थोडीथोडी हलविते आणि पुढच्या कामाकडे वळते. असे हजारो वेळा झाल्यावर जुन्या कामांबद्दलची त्याची उत्तरे खऱ्याच्या जवळ येऊ लागतात. मग नव्या, अद्याप पायाही न खणलेल्या कामाविषयी त्यास विचारावयाचे.

यापूर्वी अशी गणिते कोणी केलीच नव्हती असे नाही. १९६९ साली ऑस्ट्रेलियात ब्रॉमिलो यांनी तेथील पुष्कळशा इमारतींचे हिशेब तपासून खर्च व काळ यांचा संबंध एका लहानशा सूत्रात बसविला. खर्चाच्या आकड्याला ०.३ च्या आसपासचा घातांक द्यावयाचा व त्यास एका ठरावीक संख्येने गुणावयाचे, की काळ मिळतो. त्याचा अर्थ असा की खर्च दहापट झाला तरी काळ दहापट होत नाही, सुमारे दुप्पट होतो. सूत्र सोपे असून आजही कित्येक देशांत तपासले जाते. त्याच्या पोटात मात्र पाऊस नाही, दलदल नाही, आणि ऐन वेळी हवी झालेली खिडकीही नाही. चेताजालाचे आकर्षण येथेच आहे. पाऊस व दलदल एकत्र आली असता होणारा परिणाम त्या दोहोंच्या बेरजेइतका नसून कितीतरी अधिक असतो, हे त्यास कोणी न सांगता कळू शकते.

तरीपण एका गोष्टीकडे शिक्षक या नात्याने आमचे लक्ष आधी जाते. छायाचित्रातील मांजर ओळखावयास शिकणाऱ्या जाळ्यास लाखो चित्रे दाखविता येतात. एखाद्या राज्यात पुरी नोंद उपलब्ध असलेले पूल लाखो नसतात. बहुधा शंभर-दोनशेही नसतात. थोड्या उदाहरणांवर मोठे जाळे शिकविले, तर ते शिकत नाही, घोकते. गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका तोंडपाठ करून आलेला विद्यार्थी आम्ही दरवर्षी पाहतो. जुना प्रश्न आला की त्याची लेखणी धावू लागते. आकडे बदलले की ती थांबते. म्हणून अशा जाळ्याची परीक्षा नेहमी त्याने पूर्वी न पाहिलेल्या कामांवर घ्यावी लागते. 'आमच्या यंत्राचे अंदाज इतके टक्के बरोबर येतात' असे कोणी सांगू लागला, तर ते टक्के पाठ केलेल्या प्रश्नांवरचे की नव्या प्रश्नांवरचे, एवढे त्यास अवश्य विचारावे. ब्रॉमिलोंच्या साध्या सूत्रापेक्षा ते किती सरस ठरले, हेही विचारावे. कित्येकदा हा फरक जाहिरातीत दिसतो तेवढा नसतो.

पण आमच्या मते खरी अडचण यंत्रात नाही. ती फायलीत आहे.

तीनएक वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या मागील बाजूस तीन नव्या खोल्यांचे काम सुरू झाले. दिवाळी झाली होती; पाया खणला गेला; दारात फलक लागला आणि त्यावर 'मुदत : आठ महिने' असे स्वच्छ अक्षरांत लिहिले गेले. जूनमध्ये दहावीचा वर्ग नव्या खोलीत बसावयाचा होता. मे महिन्याच्या अखेरीस खांब उभे होते, स्लॅबचे सेंट्रिंग लागत होते, आणि पुढील आठवड्यात पाऊस आला. ते संपूर्ण शैक्षणिक वर्ष दहावीचे दोन वर्ग सभागृहात मध्ये ताडपत्री टांगून बसले. एका बाजूस फ्रेंच राज्यक्रांती आणि दुसऱ्या बाजूस वर्गसमीकरणे. ताडपत्रीला कान असतात, पण भिंतीचे दुसरे काम ती करीत नाही. शेवटच्या रांगेतील एका मुलीने चाचणीच्या उत्तरपत्रिकेत समीकरणाच्या पायऱ्यांमध्ये 'बॅस्टिल' हा शब्द लिहून ठेवला होता. आम्ही तिचे गुण कापले नाहीत. खोल्या मिळाल्या त्या एकोणीस महिन्यांनी. आठाचे एकोणीस, म्हणजे गुणोत्तर जवळजवळ दोन पूर्णांक चार दशांश.

आता ऐका. पुढे काही कामानिमित्त त्या बांधकामाच्या कागदांची प्रत आमच्या पाहण्यात आली. ठेकेदाराने दोनदा मुदतवाढ मागितली होती, आणि वरच्या कार्यालयाने दोनदा ती दिली होती. कारणे लिहिली होती. ती खोटीही नव्हती. पाऊस खरोखरच पडला होता. पण मुदत वाढली की जुनी तारीख जाते आणि नवी तारीख तिच्या जागी बसते. त्यामुळे शेवटच्या दाखल्यावर शेरा होता : काम मुदतीत पूर्ण. गुणोत्तर एक!

उद्या एखाद्या हुशार तरुणाने जिल्ह्यातील शाळा-बांधणीचे चेताजाल तयार केले, तर त्यास शिकवणी कोणाकडून मिळेल? त्या दाखल्याकडून. जाळ्यास ताडपत्री दिसावयाची नाही. आमचे काम 'मुदतीत पूर्ण' असे ते शिकेल, आणि पुढच्या गावच्या शाळेलाही आठ महिन्यांचे वचन देईल. यात यंत्राचा काडीइतका दोष नाही. ज्याला चुकीचे उत्तर बरोबर म्हणून शिकविले, त्या मुलाला नापास करण्यासारखे ते होईल.

म्हणून आमची पहिली अट ही : जाळ्यास शिकवावयाचे ते पहिल्या करारातील पहिल्या तारखेवर. मुदतवाढ अवश्य द्यावी. ती न्याय्यही असू शकते. पण ती वेगळ्या रकान्यात, कारणासह लिहिली जावी. जुनी तारीख खोडली जाऊ नये. ही मागणी फार मोठी आहे असे नाही. दुकानदाराच्या खतावणीतदेखील आधीची उधारी खोडून नवी लिहीत नाहीत.

दुसरी गोष्ट, रकान्यांत काय मावते याची. येथे आपल्या सर्वांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. कोकण रेल्वेचे काम १९९० साली सुरू झाले. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर मार्ग, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल, नव्वदाहून अधिक बोगदे, आणि हे सारे पाच वर्षांत पुरे करावयाचे असा संकल्प. ई. श्रीधरन यांच्यासारखा कर्तबगार प्रमुख. संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या त्या २६ जानेवारी १९९८ रोजी, म्हणजे सव्वासात वर्षांहून थोड्या अधिक काळाने. गुणोत्तर सुमारे दीड.

हा अर्धा जादा काळ कोठे गेला? आरंभी सर्वांना भीती होती ती सह्याद्रीच्या कठीण खडकाची. त्यासाठी परदेशातून छिद्रे पाडणारी मोठी यंत्रे आणली होती, आणि खडकाने फारसा त्रास दिलाही नाही. त्रास दिला तो मऊ मातीने. नऊ बोगदे पाण्याने भिजलेल्या मऊ मातीतून न्यावे लागले. तेथे यंत्रे चालेनात, हाताने खणावे लागे, आणि आज खणलेले उद्या ढासळे. आमच्या पेडण्याचा बोगदा त्यांतलाच. त्याने कामगारांचे बळी घेतले, वारंवार पाण्याने भरला, आणि सर्व मार्ग तयार होऊन त्याची वाट पाहत राहिला. शिवाय १९९३ साली गोव्यातील मार्गाच्या आखणीवरून वाद माजला. खाजणे, जुनी गावे, देवालये व चर्च यांच्या जवळून गाडी न्यावी की आत डोंगरालगत, यावर लोक रस्त्यावर आले. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि इकडचे काम काही काळ थांबले.

यातील मातीचा भाग चेताजालास शिकता येईल. दहा-वीस बोगद्यांचे खरे हिशेब त्यास दिले, तर 'खडक कठीण तितके काम मंद' या आपल्या भाबड्या समजुतीपेक्षा ते शहाणे निघेल, आणि पाणी लागलेल्या मऊ मातीपुढे लाल खूण करील. १९९० साली असा इशारा कोणी लेखी दिला असता तर त्याचा उपयोग झालाच असता. पण १९९३ चा वाद कोणत्या रकान्यात लिहावयाचा? 'लोकांचा विरोध : आहे / नाही' असा रकाना करता येईल; नव्हे, तो कराच, असेच कोणी म्हणेल. आम्हांस हे रुचत नाही. ज्या कुळाचे खाजण जाणार, त्याचा आक्षेप आणि दलदल या दोन्ही गोष्टी एकाच कोष्टकात 'विलंबाची कारणे' म्हणून शेजारी शेजारी बसल्या, तर पाहणाऱ्यास दोहोंवर उपायही एकच वाटू लागतो. दलदलीत भराव घालावयाचा असतो. माणसाचे मात्र ऐकावयाचे असते, आणि ऐकण्यास लागलेला काळ हा वाया गेलेला काळ नव्हे.

येथे कोणी विचारील की इतके दोष असता यंत्राचे स्वागत तरी कशासाठी? अनुभवी अभियंत्यास विचारावे म्हणजे झाले. या प्रश्नास उत्तर आमच्याच व्यवसायातून मिळते. सुप्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी इस्राएलमधील शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक करावयास घेतले होते. मंडळातील प्रत्येकाने, पुस्तक केव्हा पुरे होईल याचा अंदाज कागदावर गुप्तपणे लिहिला. सर्वांचे अंदाज दीड ते अडीच वर्षांच्या आत आले. मंडळात अभ्यासक्रम-रचनेचे एक जाणते गृहस्थ होते. त्यांचाही अंदाज तितकाच. मग काहनेमन यांनी त्यांस निराळा प्रश्न केला : तुमच्या माहितीतील अशा इतर मंडळांना किती काळ लागला? गृहस्थ जरा गप्प राहिले आणि म्हणाले की शंभरांत चाळीस मंडळांचे काम कधी पुरेच झाले नाही, आणि उरलेल्यांपैकी कोणालाही सात वर्षांहून कमी लागली नाहीत. तरीही मंडळाने काम तसेच पुढे रेटले. पुस्तक तयार झाले ते आठ वर्षांनी. पुढे १९७९ साली काहनेमन व त्यांचे सहकारी ट्वेर्स्की यांनी माणसाच्या या खोडीवर लेख लिहिला. आपले काम हे जगातील इतर कामांसारखे नाही, असे प्रत्येकास मनोमन वाटत असते.

त्या जाणत्या गृहस्थांस ज्ञान नव्हते असे नाही. ज्ञान डोक्यात होते, पण स्वतःच्या कामाचा अंदाज लिहिताना ते हाताशी आले नाही. चेताजालाचा मोठा गुण हा की त्यास स्वतःचे असे काम नाही. त्याला ना टेंडर मिळवावयाचे असते, ना निवडणुकीपूर्वी फीत कापावयाची असते. पूर्वीच्या शंभर कामांची आठवण ते निर्विकारपणे पुढे ठेवते. आणि त्याचा आणखीही एक उपयोग आहे, तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. प्रश्न बदलून त्यास पुन्हा विचारता येते. समजा, मार्चअखेर पैसे खर्चावयाचे म्हणून एका शाळेचे काम एप्रिलात सुरू होणार आहे. जाळे गुणोत्तर सांगते एक पूर्णांक आठ. मग महिना बदलून विचारावे : दसऱ्यानंतर सुरू केले तर? उत्तर येते सव्वा. म्हणजे सहा महिने थांबल्याने काम सुरू झाल्यापासून इमारत बहुधा कमी काळात उभी राहील. ही केवळ कल्पनेतील संख्या आहे, पण असा प्रश्न आकड्यांनिशी विचारता येणे हेच नवे आहे. आजवर हे एखादा म्हातारा मेस्त सांगे आणि त्याचे कोणी ऐकत नसे.

आता मनात सलणारी शेवटची शंका. समजा, यंत्राने सांगितले की या पुलास दीडपट काळ लागेल. हा आकडा कोणाच्या हाती पडणार? तो ठेकेदाराच्या हाती पडला तर तो इशारा राहणार नाही, परवाना होईल. 'साहेब, यंत्रानेच दीडपट सांगितली होती!' ज्या गुणोत्तरात पूर्वीच्या साऱ्या ढिलाया मिसळलेल्या आहेत, ते निसर्गनियमासारखे भिंतीवर टांगले जाईल. ढिलाईवर शिकलेले यंत्र ढिलाईचेच भाकीत करणार, आणि भाकिताच्या आधाराने ढिलाई पुन्हा होणार. त्याहूनही वाईट प्रकार संभवतो. दूरच्या वाड्यावस्त्यांवरील कामे नेहमीच उशिरा होतात, कारण रस्ता नाही, वीज नाही, मजूर नाही. जाळे ते शिकेल. मग वरच्या कार्यालयात कोणी म्हणेल की जेथे कामे वेळेवर होतात तेथेच पैसा द्या. डोंगरापलीकडच्या शाळेला छप्पर मिळावयाचे नाही, कारण पूर्वीही ते वेळेवर मिळाले नव्हते! आमच्या वर्गात दीड तास चालून येणारी मुले आहेत. त्यांच्या गावाच्या नावापुढे असा एखादा आकडा कायमचा चिकटावा, ही कल्पनाच आम्हांस सहन होत नाही.

यास्तव दुसरी अट : यंत्राचा अंदाज ज्या दिवशी निघेल त्या दिवशी तो सर्वांस कळावा. भूमिपूजनाच्या फलकावर करारातील मुदत लिहितात. तिच्याखाली यंत्राचा अंदाजही लिहावा, आणि त्या दोहोंत अंतर असेल तर ते का आहे व ते कमी करण्यासाठी आपण काय करणार, हे काम देणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या सहीनिशी सांगावे. आठ महिन्यांच्या फलकाखाली 'अंदाज : एकोणीस महिने' असे आम्ही वाचले असते, तर पालकसभेने त्याच आठवड्यात जवळच्या सभागृहाची वा दोन पाळ्यांची सोय केली असती. मुलांचे वर्ष वाचले असते. काम तेवढ्याच काळाने झाले असते तरीही! ज्यांना वाट पाहावयाची आहे त्यांना किती पाहावयाची आहे हे आधी कळणे, याला आम्ही लहान लाभ मानीत नाही.

हे सारे सरकारदरबारी कधी व्हावयाचे ते होवो. आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांनी गेल्या जूनपासून एक वही घातली आहे. घरून शाळेला येण्याच्या वाटेवर जी जी सार्वजनिक कामे चालू आहेत त्यांची नोंद ते ठेवतात : फलकावरील मुदत, सुरू झाल्याचा दिवस, पावसात बंद राहिलेले दिवस, आणि प्रत्यक्ष पुरे झाल्याचा दिवस. फलकावरील तारीख बदलली तर जुनी तशीच ठेवून नवी शेजारी लिहावयाची, असा नियम त्यांनीच केला. वहीत आजपर्यंत अकरा कामे आली आहेत. त्यांत एक गटार, दोन साकव, एक अंगणवाडी व बसस्थानकाची शेड ही पुरी झाली. अकरा कामांवर कोणतेही चेताजाल शिकत नाही, हे मुलांना आम्ही सांगितले आहे. म्हणून त्यांना मागील कामांचीही माहिती हवी आहे. जुन्या कामांच्या पहिल्या तारखा कार्यालयांतून मिळणे कठीण असते. पण त्या पुष्कळ घरी कपाटांत पडून असतात. भूमिपूजनाच्या निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रांतील कात्रणे, उद्घाटनाची छायाचित्रे यांवर त्या छापलेल्या असतात. पालकांपैकी ज्यांच्यापाशी असे कागद असतील त्यांनी ते मुलांबरोबर शाळेत पाठवावे. वर्गात उतरून घेऊन आठ दिवसांच्या आत ते जसेच्या तसे परत केले जातील.